रेघ उंच आहे की खोल

ताई,

परवा तुझ्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होते. कोपरीची खोली महिनाअखेर सोडायची आहे, म्हणून तुझे तांदूळ, तुझी नाचणी, अर्धवट उरलेला गूळ, सगळं पिशव्यांत भरत होते. बेल वाजली आणि मी जागची हलले नाही. तू जाऊन दार उघडशील म्हणून वाट बघत राहिले. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा उठले.

"नाणी बघणाऱ्या मॅडम आहेत ना?" बाईने विचारलं. टिटवाळ्याहून आलेली. हातात रुमाल, रुमालाच्या टोकाला गाठ.

मी म्हटलं, "बाहेर गेल्यात."

का म्हटलं, मला विचारू नकोस. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. शेजारणींना, बँकेतल्या तुझ्या मैत्रिणींना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालंय. पण ही अनोळखी बाई तू आहेस असं धरून आली होती. निदान हिच्यापुरती तरी तू राहावीस, असं काहीतरी वाटलं असेल.

"मग थांबते की," असं म्हणत ती चपला काढून आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी चहा ठेवला. ती बोलत होती. मुलीला नर्सिंगला घालायचंय, भाच्याने मोबाईलवर दाखवलं की असल्या नाण्याला खूप किंमत येते, बघू या म्हटलं. शेवटी तिने गाठ सोडली आणि नाणं माझ्यापुढे धरलं. "मॅडम येईपर्यंत तुम्ही बघता का?"

दहा रुपयांचं होतं. आकड्यावरून आडवी गेलेली एक रेघ. मी खिडकीशी जाऊन ते तिरपं धरलं, तू धरायचीस तसं. रेघ उंच आहे की खोल? येईल त्याला तू हेच विचारायचीस. टाकसाळीतल्या ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच उठते. ती रेघ खरी. रेघ खोल असेल तर नाणं बाहेर पडल्यावर कुणीतरी, कशानेतरी ओरखडलंय. ही रेघ खोल होती, तिच्यात मळसुद्धा बसला होता. मला बघताक्षणी कळलं आणि मला बोलता येईना. "मॅडमच सांगतील," एवढं म्हटलं आणि मग रडूच आलं. "मॅडम गेल्या हो," मी म्हटलं, "गेल्या महिन्यात."

ती बाई उठून खिडकीशी माझ्याजवळ आली. मग माझ्या हातातून नाणं अलगद काढून घेऊन तिने परत रुमालात बांधलं. माझं मत तिने विचारलं नाही.

"गेल्या वर्षी पण आलेली मी, दुसरं घेऊन," ती म्हणाली. "तेव्हा पण नाहीच म्हणाल्या. पण बसवून सांगितलं. भिंग माझ्या हातात दिलं, मलाच बघायला लावलं. एवढा वेळ कोण देतं? मला माझं मलाच कळलं की ह्यात काही नाही. वाईट नाही वाटलं मग."

ती गेल्यावर मी दार लावून तिथेच जमिनीवर बसले, ताई. कारण ती जे सांगून गेली ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. गेली दोन-अडीच वर्षं ऐकायचं होतं.

आपलं भांडण अर्धवट राहिलं ना.

तुला आठवतं, अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर विनय घरी बसला होता. आधी सकाळी आंघोळ करून, शर्ट-पँट घालून बसायचा, फोन येईल म्हणून. मग शर्ट-पँट सुटली. मग दाढी करणं सुटलं. हातात कायम मोबाईल. तेव्हाच ते व्हिडिओ त्याला दिसायला लागले: तुमच्या घरात हे नाणं आहे का, असेल तर तुमचं नशीब उघडलं. मी हसायचे. तो हसायचा नाही. घरातली सगळी सुट्टी नाणी सतरंजीवर पसरून बसायचा. मला एका परीने बरंच वाटायचं, माणूस निदान काहीतरी करतोय म्हणून. आणि तूही तेच तर करायचीस आयुष्यभर. बँकेत कॅश काउंटरला नाण्यांच्या पिशव्या तुझ्या हाताखालून जायच्या, आणि एखादं चुकलेलं दिसलं की तू पर्समधलं चांगलं नाणं टाकून ते घरी आणायचीस. मी एकदा विचारलं होतं, "चुकलेलीच कशाला जमवतेस?" तू म्हणालीस, "एवढ्या सगळ्यांच्या नजरेतून सुटून बाहेर पडलंय ते. त्याचं कौतुक नको करायला?" त्यातलं एकही तू कधी विकलं नाहीस.

एका रविवारी विनय मला म्हणाला, चल, ताईंकडे जाऊ. बऱ्याच महिन्यांनी त्याने दाढी केली होती. दोन रुपयांचं नाणं त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवलं होतं आणि डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत खिशावरचा हात काढला नव्हता. त्या नाण्याच्या एका बाजूला आपले सिंह होते, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे दोनचा आकडा हवा, तिथे तेच सिंह पुन्हा, उलटे आणि आत खोल गेलेले. खरंच असं होतं म्हणे कधीकधी. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच उलटा छाप बसतो. त्याला ब्रॉकेज म्हणतात. हा शब्द विनय आठवडाभर घरात म्हणत होता, नवीन लागलेल्या नोकरीचं नाव घ्यावं तसा.

तू पोहे करत होतीस. ओला हात पदराला पुसून तू नाणं घेतलंस, उजेडाकडे धरलंस, एकदा उलटं केलंस.

"खोटं आहे, विनयराव. दुसरं नाणं वर ठेवून व्हाइसच्या पकडीत दाबलंय कुणीतरी. हे बघा, इकडचे सिंह चेपलेत. खरं असतं तर हे शाबूत राहिले असते."

आणि तू गॅस बारीक करायला वळलीस.

एवढंच. पोहे आले, आपण खाल्ले. त्याने खाल्ले नाहीत. कंपनीत व्हाइसवर जन्म काढलेला माणूस तो. तू म्हणालीस ते त्याला समजलं नसेल असं थोडंच आहे? परत जाताना कोपरीच्या पुलावर तो मला म्हणाला, "त्यांना भिंगसुद्धा घ्यावंसं वाटलं नाही."

त्यानंतर तो तुझ्याकडे आला नाही. नाण्याचा फोटो त्याने कुठल्याशा माणसाला पाठवला. तो माणूस फोनवर फार गोड बोलायचा. साहेब, तुमचं नाणं लाखात एक आहे, म्हणायचा. आधी नाव नोंदवायचे पैसे मागितले, मग कसलासा टॅक्स, मग माणूस नाणं न्यायला येणार त्याच्या प्रवासाचे. विनयने माझ्यापासून लपवून मुदत ठेव मोडली. आणि एक दिवस तो नंबर लागेनासा झाला.

मी तुझ्याकडे आले होते ती हे सांगायला नाही, भांडायला आले होते. तुझ्या ओट्याशी उभी राहून मी म्हटलं, "एकदा नुसतं 'बघू' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"'बघू' म्हटलं असतं तर तो अजून पुढे गेला असता, नीलू."

"'नाही' म्हणालीस तरी गेलाच ना? तुझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्याने त्या चोरावर ठेवला. का ठेवला? तो चोर त्याच्याशी तासन्‌तास बोलायचा. तू त्याला दोन मिनिटं दिली नाहीस."

"खरं सांगायला वेळ कशाला लागतो?"

"लागतो, ताई. लागतो."

तू भांडी घासायला घेतलीस. मीही चपला घालून निघाले. त्या विषयावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही. नंतर मी कितीदा विषय काढायला तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोलले. तू मात्र त्या रविवारनंतर येणाऱ्या प्रत्येकाला बसवत होतीस, भिंग हातात देत होतीस, हे मला टिटवाळ्याच्या एका बाईकडून कळावं? मला सांगितलं असतंस. "नीलू, तुझं बरोबर होतं," असं नसतंच म्हणायचं, मला माहीत आहे. पण त्या बाईला समजावताना एकदा मला हाक मारून शेजारी बसवून घेतलं असतंस. मला कळलं असतं.

आणि मग तो दिवस. दुपारी विनय घरात नव्हता आणि त्याचा मोबाईल पलंगावर होता. मोबाईल सोडून तो संडासातसुद्धा जात नसे. मी आधी खाली बघितलं, मग स्टेशनपर्यंत, मग रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला का कोण जाणे, मोठागावला चल म्हटलं. तो रेतीबंदरावर खाडीच्या कडेला बसलेला होता. चपला बाजूला काढून नीट जोडीने ठेवलेल्या. मी जाऊन शेजारी बसले. भरतीचं पाणी चढत होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी खोटं ओळखू शकलो नाही, नीलू. माझ्या हातात होतं ते. मी रोज बघत होतो."

घरी आणल्यावर तुला फोन केला. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. "येते," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा खांद्यात रुतलेला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तू खुर्ची ओढून बसलीस आणि त्याच्या पाठीला म्हणालीस, "विनयराव, माझे डोळे हल्ली दमतात हो. बँकेतल्या मैत्रिणीने एवढी नाणी बदलून दिलीत, बघायची राहिलीत. जरा मदत कराल?"

त्याच दुपारी माझ्या ब्लाऊजचं हूक लावायला तू पहिल्या फटक्यात सुई ओवलीस. तुझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तो उठला. लगेच नाही, पण उठला. तू रोज येत राहिलीस. तू आणि तो जेवणाच्या टेबलाशी, मध्ये नाण्यांचा ढीग, खिडकीतून येणारा उजेड, आणि तुमचं ते बोलणं. "ही कड खाल्लेली दिसते ना? चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर बरोबर समोरची कडही पुसट असते. इकडे दाब कमी पडला की तिकडे कड उठत नाही. दोन्ही बघायचं. एकीकडे बघून कधी ठरवायचं नाही." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. पोळ्या करपायच्या माझ्या.

एक दिवस त्याला तसलं सापडलं. जुना पन्नास पैसा, एका बाजूने चावा घेतल्यासारखा. त्याने तो आधी स्वतः भिंगाखाली धरला, मग तुझ्यापुढे सरकवला. तू भिंग घेतलंस. ताई, ते खरं आहे हे तुला त्याच्या हातात असतानाच दिसलं असणार. तरी तू बघत राहिलीस. फिरवून, पुन्हा फिरवून, उजेडाकडे, परत टेबलावर. पोळी हातात घेऊन मी दारात उभी. तो श्वास धरून बसलेला.

"खरं आहे," तू म्हणालीस. "आणि हे मी नाही, तुम्ही ओळखलंत."

त्या वेळी त्याचा चेहरा कसा झाला ते तू बघितलं नाहीस, कारण तू मुद्दाम खाली बघत होतीस. मी बघितला. त्या चेहऱ्यासाठी मी तुझे पाय धरायला हवे होते. मी विचारलं, "वाढू का?"

पुढे त्याला कल्याणच्या गोदामात काम लागलं. अजून जातो. परवा त्या टिटवाळ्याच्या बाईचं सांगितलं तर उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आता पुढचं. हे लिहायला नको वाटतं, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी बोलू?

माजिवड्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला आणि विनयला बाहेर बोलावून सांगितलं. यकृतात पसरलंय, काही करण्यासारखं उरलेलं नाही. विनय तिथल्या तिथे म्हणाला, "ताईंना सांगायला हवं." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "त्यांनी कधी कुणाला अंधारात ठेवलं नाही. त्यांना ठेवायचा आपल्याला हक्क नाही." आम्ही त्या कॉरिडॉरमध्ये हळू आवाजात भांडलो. मी त्याला म्हटलं, एकदा खरं ऐकून तू खाडीवर जाऊन बसला होतास. ते बोलायला नको होतं. मी तशीच आत आले.

"गाठ आहे गं," मी तुला म्हटलं. "पण साधी. गोळ्यांनी विरघळेल म्हणाले."

तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस. माझा चेहरा मी कसा ठेवला होता देव जाणे. मग तू म्हणालीस, "बरं."

तू, जिला एका नजरेत कळायचं. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. कुठली गाठ, कुठल्या गोळ्या, काही नाही. पुढच्या आठवड्यात तू विनयला बोलावून म्हणालीस, नाण्यांचे डबे तुमच्याकडे न्या, इथे कोपरीत ओल धरते. घरी आल्यावर तो म्हणाला, "त्यांना माहीत आहे." मी म्हटलं, "नाही माहीत. ओलच आहे तिथे." ओल नव्हती. तुझ्या खोलीत कधीच ओल नव्हती, आता तर मी रिकामं कपाट हलवून मागची भिंतही बघितली.

मी तुला रोज सांगत होते, आज रंग बरा दिसतोय, उद्या उठून बसशील, दिवाळीला डोंबिवलीला ये, करंज्या तुझ्या हातच्याच हव्यात. तू मान हलवायचीस. करंज्यांत सुकं खोबरं घाल, ओलं नको, टिकत नाहीत, असंसुद्धा म्हणालीस एकदा. मी त्यावर चार दिवस जगले, ताई. खोबऱ्याचं बोलतेय म्हणजे हिला जगायचं आहे, म्हणून. आता वाटतं, तू मला सांभाळत होतीस. मग वाटतं, नाही, तुलाही खरंच वाटत असेल. कधी हे वाटतं, कधी ते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, विनयशी बोलताना मध्येच थांबून. डोकं फुटेल असं होतं.

शेवटच्या सकाळी हॉस्पिटलमध्ये तू नेहमीपेक्षा स्वच्छ बोललीस. केस विंचरून दे म्हणालीस. मी वेणी घातली, होती तेवढ्या केसांची. मी रात्रभर खुर्चीत होते, ते तुझ्या लक्षात आलं.

"नीलू, घरी जा," तू म्हणालीस. "आंघोळ कर, गरम काहीतरी खा, थोडी आडवी हो. संध्याकाळी ये."

"मी बसते ना. दुखतंय का?"

"नाही गं. आज अजिबात दुखत नाहीये. आज बरं वाटतंय मला."

मी गेले. तू म्हणालीस म्हणून गेले. वरण-भात खाल्ला. झोपले, आणि छान झोप लागली, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. उठले ती फोनच्या आवाजाने.

दुपारपाळीची सिस्टर म्हणाली, शांत होत्या, झोपेतच गेल्या. मी तिचे हात धरून रडले. पण खाली बिल करायला गेले तेव्हा सकाळपाळीची सिस्टर उशिराने घरी निघालेली भेटली. तिला वाटलं मला माहीत असेल. ती म्हणाली, "तुम्ही लिफ्टमध्ये गेलात आणि लगेच त्यांनी बेल दाबली. इंजेक्शन द्या म्हणाल्या. आधीच का नाही सांगितलं म्हटलं तर काही बोलल्या नाहीत."

विनय म्हणतो, "दुखणं अचानक उठतं, तेव्हाच उठलं असेल. तू होतीस तोवर खरंच बरं वाटत असेल त्यांना." तो असं म्हणतो आणि माझ्याकडे बघत नाही.

तुझं ते 'आज बरं वाटतंय मला' मी रोज काढून बघते, ताई. तुझा आवाज, तुझा चेहरा, उशीवरचा तुझा हात, जेवढं आठवतं तेवढं सगळं. एवढी वर्षं तुझ्याशेजारी बसून मी बघायला शिकले असं मला वाटत होतं. मला ओळखता येत नाहीये. आणि ज्या एका माणसाकडे हे घेऊन जावं, ते माणूस तू होतीस.